भागोजीशेटची चाल

खारमाळच्या मिठागरावर त्या दुपारी जे भांडण पेटलं, त्याच्या सुरुवातीला बाया एक शब्दही बोलल्या नव्हत्या. शिवी नाही, टोमणा नाही, कुणाचं नावसुद्धा नाही. पुढं हवालदारानं दहा वेळा विचारलं, "म्हंजी बाया नेमकं बोलल्या काय?" आणि दहाही वेळा खुद्द फिर्यादीलाच सांगावं लागलं, "बोलल्या काय नाय, सायेब. तीच तं तक्रार हाय."

एकसष्ट सालचा चैत्र होता. ऊन असं की माणसाची सावलीसुद्धा घाबरून तळपायाखाली जाऊन बसावी. खाली पांढरं मीठ, वर पांढरं आभाळ आणि मधून बाया ओळीनं पाट्या वाहत होत्या. पायाच्या भेगांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांतूनही खारंच यायचं. पण एकीनं पाटी टाकली की सगळी ओळ तुटते, म्हणून रडणं चालता चालताच उरकायचं.

ओळीत पुढं येसूबाई होती. साठी उलटलेली, तोंडात तीन दात आणि तिन्ही दातांवर तंबाखू. तिच्या मागं काशी. काशी म्हणजे नामा ढोलवाल्याची बायको. तिशीची, अंगानं सुकटीसारखी, आणि जीभ अशी की तिच्यावर मिरची वाळत घालावी. या दोघींच्या मागं आणखी दहा जणी.

रेवसच्या अंगानं बांधावरून भागोजीशेट आला. खारमाळातला हा पहिला माणूस ज्याच्या दारात मिठाचे दोन ट्रक उभे असत. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि सरपंच व्हायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. भर उन्हात काळा कोट, डोक्यावर छत्री, एका हातात धोतराचा सोगा उचललेला. राशीजवळ उभं राहून त्यानं घसा साफ केला.

"बायांनो, आयका. पुनवेला देवीची पालखी निंगल. अवंदा अलिबागचा ब्यांड सांगितलाय. लाल डगल्याची बारा मानसा. पितलेची वाजंत्री. पार धरमतरपरेंत आवाज जाईल."

काशीनं पाटी राशीवर उलटी केली. "आनि आमचा खालूबाजा?"

"आता कशाला पायजे तो? जमाना सुधारला, काशे. तुमचा बाजा म्हंजे सनय नाय, काय नाय, नुसता ढोल नि टिमकी. धबाक धबाक. देवीचासुदा डोका दुखत असंल."

नामाच्या बापानं आणि आज्यानं त्याच ढोलावर पालखी नाचवली होती. पण शेटच्या ट्रकावर गावातले पाच गडी होते, त्यात तिचा दीर एक. तिनं रिकामी पाटी उचलली. भागोजीशेट वळला आणि बांधावरून परत निघाला.

तो दहा पावलं गेला असेल नसेल, आणि काशीच्या नाकातून आवाज निघाला. तोंड घट्ट मिटलेलं. आधी टुकूटुकू टुकूटुकू, टांग्याचं घोडं रस्त्यानं ऐटीत चालावं तसं. दुसऱ्या पाटीवर मागचीनं सूर धरला. तिसऱ्या पाटीला सगळी ओळ. मग घोडं चालता चालता एकदम घसरलं, सूर वरून खाली सुईंकन आला, आणि शेवटी एक लांब केविलवाणा हेल, बापाच्या नावानं गळा काढल्यासारखा.

भागोजीशेटची मान मागून लाल झाली. छत्री बांधावर आपटून तो परत आला.

"कोन ती? कोन गुनगुनली?"

"आमी मीठ वाहताव, शेट," काशी म्हणाली. "आमाना कंची फुरसत?"

"मी बहिरा नाय. ती चाल माझी हाय."

"तुमची हाय तं तुमीच गुनगुनली असाल," येसूबाई तंबाखू थुंकत म्हणाली.

बाया इतक्या हसल्या की एकीची पाटी खाचरात गेली. भागोजीशेट म्हणाला, "पाटलाकडं जातंय. हवालदार आनतंय. इलेक्शनच्या टायमाला मानसाची बेइज्जती केलीव तुमी." आणि छत्री तिथंच टाकून गेला.

आता ही चाल त्याची कशी, ते कळायचं तर आधी चंदर कळायला हवा.

चंदर हा येसूबाईच्या बहिणीचा मुलगा. आई लहानपणी गेली म्हणून येसूबाईनंच वाढवला. गावच्या खालूबाज्यात तो सनई वाजवी. रंगानं काळा, दात पुढं, एक खांदा वर एक खाली. बघावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण सनई ओठाला लावली की अख्ख्या खारेपाटात त्याच्यासारखा देखणा माणूस नाही असं पोरींना वाटायचं, आणि त्या पोरींच्या आयांनाही.

लग्नातलं आणि पालखीतलं तर तो वाजवीच. पण त्याची खरी खोड वेगळी होती. गावातल्या माणसामाणसाची त्यानं चाल बसवली होती. तुम्ही रस्त्यानं चाललात की हा वडाखाली बसून तुमचं चालणं, बोलणं, खोकणं, सगळं सनईत काढी. पोलीस पाटील अंबाजीचा पाय लंगडा, तर त्याच्या चालीत तिसरा ठोका नेहमी उशिरा पडे. गावच्या वाण्याला तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय, तर त्याच्या चालीत सूरच लागत नसे, नुसतं पुटूपुटू. येसूबाई स्वतः घोरायची, तिची चाल झोपेतली. लोक चिडत, दगड घेऊन मागं लागत. चंदर पळता पळता दगड मारणाऱ्याच्या धावण्याची चाल वाजवी. माणूस हसून खाली बसे.

काशी सोळाव्या वर्षी लग्न होऊन खारमाळला आली. आठव्या दिवशी सासूची कोंबडी सुटली आणि ही नवी सून लुगड्याचा ओचा धरून, गल्लीभर "ये गो बाय, ये गो बाय" करत तिच्या मागं धावली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली, तर वडाखालून सनईत कोंबडीही ओरडतेय आणि तीही. तिला रडूच आलं. घरी येऊन नामाला म्हणाली, "मी विहिरीवर जायची नाय." नामा म्हणाला, "अगो, आता तू गावची झालीस. ज्याची चाल नाय त्याना हितं कोन विचारतं?" त्या दिवसापासून ती मुद्दाम वडाखालून जायला लागली.

भागोजीची चाल त्याच्या लग्नातली. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीचा वैशाख. भागोजीच्या बापाला वाटलं, पोराला घोड्यावर मिरवावं. खारेपाटात घोडा कुठला? अलिबागहून टांग्याचं घोडं आणलं. त्या बिचाऱ्यानं जन्मात सडकेशिवाय काही पाहिलं नव्हतं. वरात खाडीच्या बांधावरून निघाली, ओहोटी होती, ढोल वाजत होता, नवरदेव मुंडावळ्या सावरत ऐटीत. बांधाच्या वळणावर घोड्याचा पाय घसरला आणि घोडं नवरदेवासकट खाडीच्या चिखलात. चिखल मांडीएवढा. भागोजी वरून ओरडतोय, "ओ नाना, मना उतरवा, ओ नाना." नाना म्हणजे बाप. बाप बांधावरून ओरडतोय, "लगाम धर." चंदरनं तिथंच, उभ्या उभ्या, सनई लावली आणि घोड्याची ऐट, घसरणं आणि "ओ नाना" सगळं वाजवलं. वरातीत जो हशा पिकला तो पुढं दोन वर्षं पिकतच राहिला.

आणि दोन वर्षांनी चंदर गेला. सत्ताविसावं लागलं होतं. खाडीत कालवं काढताना पायाला शिंपल्याची धार लागली, कोणी लक्ष दिलं नाही, आठव्या दिवशी धनुर्वात झाला. ज्याचं सगळं आयुष्य तोंडावर, त्याचीच दातखीळ बसली. अलिबागला न्यायला बैलगाडी जुंपली, पण गाडीच्या हिसक्यांनी त्याचं अंग असं वाकायचं की येसूबाईनंच गाडी परत फिरवली. मग वैद्य घरी आला. लठ्ठ माणूस, उंबरा ओलांडताना हुश्श करायचा. उशाशी येसूबाई, काशी आणि दोन-चार बाया बसल्या होत्या. वैद्य पाठ फिरवून गेला, आणि दातखीळ बसलेल्या चंदरनं नाकातून हलकेच त्याच्या हुश्श करण्याची चाल काढली. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. ती त्याची शेवटची चाल. सनई त्याच्याबरोबर चितेवर ठेवली. पण तेव्हापासून गावाच्या चाली राहिल्या त्या बायकांच्या नाकात. पाट्या वाहताना, भात लावताना, तोंड मिटून. गावात बारा वर्षं सनई नव्हती, पण चंदर होता.

तर भागोजीशेटनं खरंच हवालदार आणला. ठाण्यावरून सायकलवर आला. साताऱ्याकडचा, भरगच्च मिशीचा, समुद्राच्या वाऱ्यानं टोपी उडेल म्हणून सारखा एक हात डोक्यावर. गावदेवीच्या देवळापुढं सकाळीच गाव गोळा झालं. अंबाजी पाटलानं घोंगडी टाकली. एका बाजूला बारा बाया, पदर डोक्यावर, तोंडं मिटलेली. नामा खांबाआड उभा. घरून निघताना त्यानं काशीला सांगितलं होतं, "माफी माग नि मोकली हो. ढोल गेला तं गेला." काशी पदर खोचून पुढं चालू लागली होती. आता मात्र तिला हिशेब दिसत होता. दिराचं काम गेलं तर घरात चार तोंडं उपाशी, आणि ते तिच्या नाकामुळं.

हवालदारानं वही उघडली. "शिवी काय दिली?"

"शिवी नाय दिली. चाल गुनगुनली."

"कंची चाल?"

"माझी."

हवालदारानं भागोजीशेटकडं वरून खाली पाहिलं. "तुमची म्हंजी? तुमी गानं करता व्हय?"

गर्दीत कोणीतरी खिक् केलं. अंबाजीनं काठी आपटली आणि मग त्यालाच घोड्याची गोष्ट सांगावी लागली. सांगताना तो फार प्रयत्नानं गंभीर राहिला.

हवालदारानं लिहायला पेन्सिल टेकवली, पण लिहायचं काय ते कळेना. "बायांनो, तुमी ती चाल म्हनून दाखवा."

"आमाना काय ठावं, सायेब," काशी म्हणाली. "आमी तं मीठ वाहात होताव. उन्हानं नाक वाजतं कदी कदी."

"बारा जनींचं एकदम?"

"ऊन सगल्यांना सारखाच लागतं."

हवालदारानं मिशीवरून हात फिरवला. "मग फिर्यादीनं दाखवाय पायजे. चोरी झाली तर माल काय गेला ते सांगावं लागतं. मारलं तर वळ दाखवावा लागतो. चालीनं बेअब्रू झाली, तर चाल दाखवा. न्हाईतर मी वहीत लिहू काय?"

भागोजीशेटनं इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. मागं हटावं तर तक्रार खोटी, पुढं जावं तर शोभा. त्यानं कोटाचं वरचं बटण काढलं आणि खालच्या आवाजात सुरुवात केली.

टुकूटुकू टुकूटुकू. पहिल्यांदा सूर बसेना. मग बसला. काशीच्या भुवया वर गेल्या. बायांच्या नाकातली चाल आणि ही चाल, फरक होता. बाया घोडं सरळ चालवत. भागोजीच्या चालीत घोडं मधेच मान झटकायचं, एक पाऊल अडखळायचं, पुन्हा ऐटीत यायचं. अगदी चंदर वाजवायचा तसं. बारा वर्षांत बायकांनी ते अडखळणं गाळून टाकलं होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. येसूबाईनं चघळणं थांबवलं.

घोडं घसरलं. "ओ नाना" आलं. हसायचं नाही असं ठरवून आलेली माणसं खांब धरून हसू लागली. हवालदाराची मिशी हलायला लागली. झालं, संपलं, असं समजून अंबाजी काही बोलणार, तर भागोजीशेट थांबलाच नाही. डोळे मिटलेले. चाल पुढं निघाली. सावकाश, जड, चिखलातून एक एक पाय उपसत यावं तशी. एक पाय सुटला, दुसरा सुटला, आणि मग हळूहळू, दमत दमत, पण वर चढत चढत ती एका जागी येऊन थांबली, घराच्या उंबऱ्याशी थांबावं तशी.

हसणं कधी बंद झालं ते कोणालाच कळलं नाही. हा पुढचा भाग गावानं कधी ऐकलाच नव्हता.

"यो कुठचा?" येसूबाईनं विचारलं. "यो चंदरचाच हाय. पन यो मना ठावं नाय."

भागोजीशेटनं डोळे उघडले. "तुमाना कसा ठावं असंल, मावशी? तुमी सगली हसत हसत पुढं गेलाव, नवरीच्या मांडवात. जेवान थंड होत होता. लोकांनी पयला घोडा काडला, कारन घोडा परक्याचा. मंग नाना घोड्यामागं गेला. मी तितंच. मुंडावल्या चिखलात. मना कोन काडला? चंदर. सनय बांधावर ठेवली नि कमरेपरेंत उतरला. माझा धोतर खाडीत धुतला, पिलला, परत नेसवला. नि मंग बांधावरून मांडवापरेंत आमी दोघंच. तो पुढं वाजवीत, मी मागं. तवा यो वाजवला."

त्यानं कोटाचं बटण पुन्हा लावलं.

"त्याची चाल इतकी होती," भागोजीशेट म्हणाला. "पडला, नि उठून मांडवात आला. तुमी चवदा वरसा मना चिखलातच ठेवलाव. कोनी भायेर काडलाच नाय."

काशीला काय वाटलं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. लाज वाटली हे खरं. पण त्याहून जास्त वाटला तो हेवा. चंदर सगळा आपल्या नाकात आहे असं ती धरून चालली होती, आणि त्याचा हा एवढा मोठा तुकडा या कोटवाल्याकडं निघाला. बारा वर्षं त्यानं तो एकट्यानं जपला, आणि कोणापुढं काढणार? काढला असता तर लोक आधीच्या भागालाच हसले असते.

"पुन्यांदा म्हना की, शेट," ती म्हणाली. "शेवटचा."

"कशाला?"

"शिकतंय."

त्यानं पुन्हा म्हटला. बायांनी नाकात धरला. हवालदार पेन्सिल हातात घेऊन ऐकत राहिला. दोनदा चुकल्या, दोन्ही वेळा भागोजीशेटनं हातानं थांबवून सांगितलं, "नाय नाय, दुसरा पाय येवडा लगेच सुटत नाय." तिसऱ्यांदा जमलं.

"मग फिर्यादीचं काय करू?" हवालदारानं विचारलं.

अंबाजी पाटील मोठा मुत्सद्दी. त्यानं वहीचं पान मागून घेतलं आणि तडजोड लिहिली: यापुढे भागोजीशेट यांची चाल कोणी गुणगुणल्यास ती पुरी गुणगुणावी. अर्धी म्हणून मधेच सोडू नये. बायांनी अंगठे दिले. भागोजीशेटनं सही केली. काशीचा अंगठा सर्वांत शेवटी. शाई लावून तिनं हात तसाच वर धरला.

"एक रायला, पाटील. पुरी चाल म्हंजे घोडा आला. नि घोडा ढोलाबिगर चालत नाय."

"म्हंजे?"

"पालखीला खालूबाजा पायजे. तो लाल डगल्यांचा ब्यांड येतंय तं येऊंदे, पावना हाय. पन ढोल पुढं."

भागोजीशेटनं तिच्या वर धरलेल्या काळ्या अंगठ्याकडं पाहिलं. "तुना वकील करायला पायजे होता," तो म्हणाला. पण मान हलवली. खांबाआडचा नामा पुढं आला आणि पाहण्यासारखं काही नसताना देवळाच्या छपराकडं पाहू लागला.

पुनवेला पालखी निघाली. पुढं नामाचा ढोल आणि टिमकी, मागं लाल डगल्यांचा बँड. बँडचा मास्तर चष्मेवाला, गोरटेला, हातात काळी क्लॅरोनेट. सिनेमातली गाणी तो छान वाजवत होता. पण पालखीचे भोई ढोलावर नाचत आणि बँड आपला मागून घाम पुसत येई. खाडीच्या बांधावर पालखी टेकते. देवीच्या पायावर खाडीचं पाणी घालतात, बाया ओट्या भरतात. बंदोबस्ताला तोच हवालदार होता, टोपीवर हात ठेवून.

भागोजीशेट मास्तरजवळ गेला. "एक चाल हाय. वाजवाल?"

"म्हणा," मास्तर म्हणाला.

भागोजीशेटनं म्हटली, पुरी. मास्तर हुशार माणूस, एकदा ऐकून वाजवली. सूर न् सूर बरोबर. तरी सगळ्यांची तोंडं उतरली.

"सूर हाय गो," येसूबाई काशीला म्हणाली, "पन चिखल नाय."

"काय नाही?" मास्तरनं विचारलं.

मग त्याला शिकवायला गाव लोटलं. भागोजीशेट घोडं कसं चालतं ते कोट घालून चालून दाखवतोय. अंबाजी सांगतोय, घसरताना श्वास आधी तोडायचा. नामा ढोलावर टापा काढतोय. मास्तरनं चष्मा काढला, डगल्याची बटणं सोडली, चार वेळा वाजवलं. पाचव्यांदा घोडं असं घसरलं की बांधावरच्या दोन म्हाताऱ्या खरोखर मागं सरकल्या. "ओ नाना" निघालं, आणि मग पाय उपसत उपसत उंबऱ्यापर्यंतचं सगळं. येसूबाई बांधावर बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

"कोणाची ही चाल?" मास्तरनं विचारलं. "मला भेटवा त्यांना."

सगळे येसूबाईकडं बघू लागले. शेवटी काशीच म्हणाली, "तो नाय आता. बारा वरसा झाली."

मास्तरनं वाद्य खाली केलं. पण गावाला आता चव लागली होती. अंबाजी लंगडत पुढं आला. "मास्तर, माझी वाजवा. मी सांगतंय कशी ती. तिसरा ठोका जरा उशिरा." ज्या चालीसाठी त्यानं एके काळी चंदरच्या अंगावर काठी फेकली होती, ती तो स्वतः म्हणून देत होता. त्याच्या मागं वाणी पुटपुटत उभा. त्याच्या मागं ओळच लागली. ज्यानं त्यानं आपापली टिंगल मागून घेतली, आणि वाजली की असं तोंड केलं की जणू त्याला शालजोडी मिळाली. चंदरच्या मागं जन्मलेली, गावात नवी आलेली माणसं कडेला तोंड पाडून उभी होती. त्यांना कोणीच काही म्हटलं नव्हतं. पालखी तिथंच टेकलेली. पुजारी दोनदा म्हणाला, "अहो, देवी उन्हात हाय." त्याला सांगितलं, देवीलापण आयकूंदे.

काशीनं आपली कोंबडी स्वतः म्हणून दिली. मास्तरनं ती इतकी हुबेहूब ओरडवली की पालखीखालच्या दोन खऱ्या कोंबड्या, नवसाच्या, कॉक् कॉक् करायला लागल्या. लोक हसले. काशी हसली. आणि हसून झाल्यावर तिच्या मनात आलं, संपल्या. यापुढं ओळीत कोणी उरलं नाही. चंदरनं जेवढ्या केल्या तेवढ्या झाल्या.

तेवढ्यात हवालदार तिच्याजवळ सरकला. इकडं तिकडं पाहत, आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, एक विचारू? तो गडी असता, तर आमची कशी वाजीवली असती वो?"

काशीनं त्याच्याकडं पाहिलं. मिशी. टोपीवरचा हात. पोट पट्ट्याच्या वर आणि खाली सारखं वाटलेलं. आणि पायात सरकारी बूट, त्यातला डावा प्रत्येक पावलाला करकरणारा. देवळापुढं त्या दिवशी तो आला तेव्हापासूनच तो आवाज तिच्या कानात कुठंतरी बसला होता.

तिनं तोंड मिटलं. नाकातून आधी बूट आला. एक पाऊल मुकं, एक करकर. मग वारा आला, आणि टोपी जाते की काय म्हणून सूर वर धावला, पकडला, परत बुटावर आला.

"ही कुनाची?" येसूबाईनं पदर बाजूला करून विचारलं. "ही चंदरची नाय."

"नाय," काशी म्हणाली. "ही माझी."

मास्तरनं क्लॅरोनेट उचलली. नामानं ढोलावर एक टिपरी हलकी आणि एक घासून मारली, तर हुबेहूब बूट करकरला. हवालदाराचे कान लाल झाले. वर्दीतल्या माणसानं अशा जागी थांबू नये असं त्याला वाटलं असावं. तो कडक चेहरा करून बंदोबस्ताकडं निघाला. एक पाऊल टाकलं, ढोल बरोबर आला. दुसरं टाकलं, करकर बरोबर आली. तिसऱ्या पावलाला त्यानं डावा पाय उचलला आणि सगळं गाव श्वास रोखून बघतंय हे त्याच्या ध्यानात आलं. मग एक हात टोपीवर ठेवून तो तसाच एका पायावर उभा राहिला, दुसरा खाली टेकावा की नको ते न सुचून.